वैश्विक धूळ : 'रिकाम्या आकाशा'पासून विश्वाच्या जडणघडणीपर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

निरभ्र रात्री आकाशगंगेच्या दुधाळ पट्ट्यात काळसर भेगा दिसतात. त्या ठिकाणी तारेच नाहीत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. वस्तुतः तेथे ताऱ्यांचा प्रकाश अडविणारे सूक्ष्म धूलिकण आहेत. ताऱ्यांमधील अवकाशात जे द्रव्य पसरलेले आहे, त्याच्या वस्तुमानात धुळीचा वाटा सुमारे १ टक्का आहे. यातील बहुतेक कण १ मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. तरीही या अल्प घटकामुळे विश्वातील सूर्याचे स्थान व आकाशगंगेचा विस्तार यांविषयीची गणिते चुकत राहिली. खगोलशास्त्राच्या इतिहासात ग्रह, तारे व दीर्घिका यांच्या शोधांना जे महत्त्व मिळाले, ते धुळीच्या शोधाला क्वचितच मिळते. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित विषयाचा आढावा घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) वैश्विक धुळीविषयीच्या कल्पनांत झालेल्या बदलांचा कालक्रमानुसार अभ्यास करणे.
२) धुळीचा उगम व उत्क्रांती यांविषयीच्या प्रमुख मतांचा परामर्श घेणे.

विषय विवेचन :

१. पोकळीचा समज

इ. स. १७८५ मध्ये विल्यम हर्शेल यांनी वृश्चिक राशीतील एका काळ्या भागाचे वर्णन आकाशातील छिद्र असे केले. जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, हे गृहीतक त्यामागे होते. १८४७ मध्ये रशियातील पुल्कोवो वेधशाळेचे संचालक फ्रीड्रिख स्ट्रुव्ह यांनी ताऱ्यांच्या गणनेवरून वेगळा निष्कर्ष काढला. अंतराबरोबर ताऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी होत जाते, म्हणजेच प्रकाश वाटेत शोषला जात असावा, असे त्यांनी मांडले. तथापि या मताला फारसे अनुयायी मिळाले नाहीत. पुढे अमेरिकेतील एडवर्ड बर्नार्ड यांनी छायाचित्रणाच्या साहाय्याने काळ्या प्रदेशांचा चिकाटीने अभ्यास केला. १९१९ मध्ये त्यांनी अशा १८२ प्रदेशांची यादी प्रसिद्ध केली. यांपैकी अनेक प्रदेश प्रकाश अडविणारे ढग असावेत, या मताकडे ते हळूहळू वळले होते.

२. सूर्याच्या स्थानाचा प्रश्न

धुळीकडे दुर्लक्ष झाल्याचे परिणाम दूरगामी ठरले. याकोबस काप्टाइन यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या प्रतिकृतीत सूर्य तारकासमूहाच्या केंद्राजवळ होता. दूरचे तारे धुळीआड लपल्यामुळे सर्व दिशांना ताऱ्यांची घनता आपल्यापासून कमी होत गेल्यासारखी भासत होती. हार्लो शेपली यांनी १९१८ मध्ये सूर्य केंद्रापासून दूर असल्याचे दाखविले. पण आकाशगंगेचा व्यास त्यांनी सुमारे ३ लाख प्रकाशवर्षे मानला. आजचा सर्वसाधारण अंदाज सुमारे १ लाख प्रकाशवर्षांचा आहे. शेपली यांना दूरच्या गोलाकार तारकागुच्छांत निळसर तारे आढळले होते. वाटेत धूळ असती तर ते तांबूस दिसले असते, असा त्यांचा तर्क होता. तर्क बिनचूक होता. मात्र त्यांतील अनेक गुच्छ आकाशगंगेच्या प्रतलापासून दूर होते आणि धूळ प्रामुख्याने त्या प्रतलातच साठलेली आहे.

या प्रश्नाचा निकाल १९३० मध्ये लिक वेधशाळेतील रॉबर्ट ट्रम्पलर यांनी लावला. त्यांनी १०० खुल्या तारकागुच्छांची अंतरे तेजस्वितेवरून काढली व त्यांवरून गुच्छांचे व्यास मोजले. तेव्हा गुच्छ जितका दूर तितका तो मोठा, असा विचित्र क्रम दिसला. पृथ्वीपासूनच्या अंतरानुसार गुच्छांनी आकार बदलावा याला कोणतेही कारण नव्हते. अर्थात वाटेतील धुळीमुळे प्रकाश मंदावत होता आणि त्यामुळे गुच्छ प्रत्यक्षाहून दूर समजले जात होते. धुळीचे सार्वत्रिक अस्तित्व येथे सिद्ध झाले.

३. उगमाविषयीची मतांतरे

धूळ आहे हे मान्य झाल्यावर ती आली कोठून, हा प्रश्न पुढे आला. १९४६ मध्ये नेदरलँड्समधील यान ऊर्ट व हेन्ड्रिक व्हान डी हुल्स्ट यांनी बर्फाळ कण ताऱ्यांमधील वायूतच वाढतात, असे प्रतिपादन केले. १९६२ मध्ये फ्रेड हॉईल व श्रीलंकेत जन्मलेले चंद्रा विक्रमसिंघे यांनी याला पर्याय सुचविला. कार्बनसमृद्ध थंड ताऱ्यांच्या बाह्य वातावरणात ग्रॅफाइटचे कण तयार होऊन बाहेर फेकले जातात, असे त्यांचे मत होते. १९६९ मध्ये थंड ताऱ्यांच्या अवरक्त वर्णपटात सिलिकेटच्या खुणा आढळल्या. आयुष्याच्या उत्तरार्धात फुगलेले तांबडे राक्षसी तारे हे धुळीचे कारखाने आहेत, या मताला त्यामुळे बळकटी मिळाली.

१९८३ मध्ये सोडलेल्या 'आयरास' या उपग्रहाने अवरक्त किरणांत आकाशाचे सर्वेक्षण केले. दृश्य प्रकाशात केवळ अडथळा ठरणारी धूळ त्यात स्वतः उजळलेली दिसली. ताऱ्यांचा प्रकाश शोषून ती अवरक्त प्रारणाच्या रूपाने परत देते. १९८७ मध्ये उल्कापाषाणांतून सूर्यमालेपूर्वीचे कण प्रयोगशाळेत वेगळे करण्यात आले. ऑस्ट्रेलियात १९६९ मध्ये पडलेल्या मर्चिसन उल्केतील सिलिकॉन कार्बाइडच्या काही कणांचे वय सुमारे ७ अब्ज वर्षांपर्यंत असल्याचे २०२० च्या संशोधनात आढळले. सूर्यमालेचे वय सुमारे ४.६ अब्ज वर्षे आहे, हे लक्षात घेता या शोधाचे मोल कळते.

४. आरंभीच्या विश्वातील धूळ

तांबडे राक्षसी तारे हे एकमेव उत्तर मात्र पुरेसे ठरले नाही. विश्वाचे वय १ अब्ज वर्षांहून कमी असताना अस्तित्वात असलेल्या एका क्वासारमध्ये विपुल धूळ असल्याचे २००३ मध्ये दिसून आले. लहान ताऱ्यांना तांबडी अवस्था गाठण्यास एवढा अवधी अपुरा पडतो. त्यामुळे लक्ष अल्पायुषी, प्रचंड ताऱ्यांच्या स्फोटांकडे, म्हणजे अतिनवताऱ्यांकडे वळले. १९८७ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्याच्या अवशेषात सूर्याच्या सुमारे निम्म्या वस्तुमानाइतकी धूळ असल्याचे हर्शेल अवकाश दुर्बिणीने २०११ मध्ये दाखविले. परंतु स्फोटाच्या आघात तरंगांत यांपैकी किती कण टिकतात, याविषयी एकमत नाही. धूळ ज्या गतीने नष्ट होते, त्या गतीने तारे ती पुरवू शकत नाहीत. म्हणून दाट ढगांत कणांची वाढ होत असावी, हा जुना विचार नव्या स्वरूपात परतला आहे. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांतील एका दीर्घिकेत कार्बनयुक्त धुळीची खूण टिपली, तेव्हा हा प्रश्न अधिकच गहन झाला.

५. धूळ आणि विश्वरचनेचे वाद

पुण्यातील आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचाही या इतिहासाशी संबंध आहे. हॉईल, जेफ्री बर्बिज व नारळीकर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या स्थिरवत् विश्वाच्या सिद्धांतात वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाचे श्रेय सुईसारख्या धातुकणांना दिले होते. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी हे स्पष्टीकरण स्वीकारले नाही. धुळीला कमी लेखण्याचा धोका मात्र पुढेही दिसून आला. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील 'बायसेप-२' प्रयोगाने आदिम गुरुत्वीय लहरींच्या खुणा मिळाल्याची घोषणा केली. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांसह २०१५ मध्ये झालेल्या संयुक्त विश्लेषणात, आकाशगंगेतील धुळीचा परिणाम वगळता त्या खुणेसाठी ठोस पुरावा उरला नाही.

निष्कर्ष :

१) वैश्विक धुळीची प्रतिमा पोकळी, अडथळा व सृजनाचे साधन अशा तीन टप्प्यांतून बदलत गेली. धुळीच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे रेणू तयार होतात आणि तिच्यापासूनच पृथ्वीसारखे ग्रह घडतात.
२) प्रत्येक टप्प्यावर छायाचित्रण, अवरक्त उपग्रह, प्रयोगशाळेतील विश्लेषण अशी नवी साधने निर्णायक ठरली.
३) काप्टाइनपासून बायसेप-२ पर्यंतच्या चुका निरीक्षणातील हलगर्जीपणाच्या नव्हत्या. निरीक्षक व वस्तू यांच्यामधील अवकाश स्वच्छ आहे, किंवा त्यातील धुळीचा प्रभाव नगण्य आहे, हे गृहीतक त्यांच्या मुळाशी होते. पुरावा आपल्यापर्यंत कोणत्या माध्यमातून पोहोचला, हे तपासल्याखेरीज त्याचा अर्थ लावू नये, हा धडा इतिहासासह सर्वच विद्याशाखांच्या अभ्यासकांना लागू पडतो.