साठ रुपयांचा मका

दुर्मीळ बर्बनच्या शोधात अमेरिकेत माणसे दुकानामागून दुकाने पालथी घालतात. बर्बन म्हणजे किमान 51 टक्के मका घालून, आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिपात मुरवलेली व्हिस्की. मका म्हटल्यावर आम्हा बुलढाणेकरांचे कान टवकारणारच!

तिकडे 1920 ते 1933 दारूबंदी होती. तेव्हा व्हिस्की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून मिळे. आमचा जिल्हा 1956 साली मुंबई राज्यात गेला आणि मागोमाग तिथला 1949 चा दारूबंदी कायदाही वऱ्हाडात आला. त्यातही प्रकृतीसाठी परमिटाची सोय! दोन्हीकडे धडधाकट माणसे अचानक आजारी पडू लागली. एका दिवसाचे परमिट तर अजूनही पाच रुपयांत मिळते.

महाग ती बाटली. 2025 साली बर्बनवरचे आयात शुल्क 150 वरून 100 टक्क्यांवर आले, तरी किंमत हजारांतच. आता कारकुनी हिशेब पाहा. बाटलीमागे धान्य फार तर अडीच किलो. सगळा मकाच धरला, तरी 2025-26 च्या 2400 रुपये क्विंटल हमीभावाने झाले साठ रुपये! बाकीचे पैसे पीप, वर्षे, कर आणि 'मिळत नाही' या दोन शब्दांचे. आमच्या बी.कॉम.ला हे काही पटत नाही बुवा.

मोताळ्याच्या एका खातेदाराला काउंटरवर हे सांगितले. तो म्हणाला, "मंग भाऊ, मका कायले पेरू? पीपच पेरतो ना!"