उपोषण व शरीरातील इंधन

कार्बोहायड्रेटे, वसा व प्रथिने ही शरीराची तीन इंधने होत. त्यांच्या वापराचा क्रम उपोषणात स्पष्ट होतो. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळात २१ दिवसांचे उपोषण केले. त्या वेळी त्यांचे वय ७३ होते. नुसते पाणी पिववत नसल्याने त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस मिसळणार असल्याचे त्यांनी व्हाइसरॉयना आधीच कळविले होते. तरीही पाण्यात ग्लुकोज घातले जात असावे, असा संशय ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांना आला.

वास्तविक तीन आठवडे तग धरण्यास ग्लुकोज बाहेरून मिळणे आवश्यक नसते. यकृतातील ग्लायकोजेनाचा साठा सुमारे एका दिवसात संपतो. मग मेंदूला लागणारे ग्लुकोज यकृत मुख्यत्वे स्नायूंतील प्रथिनांपासून बनविते. हे त्याच गतीने चालले, तर स्नायू झपाट्याने झिजतील. परंतु साठलेल्या वसेपासून यकृतात कीटोन द्रव्ये तयार होतात व काही दिवसांनी मेंदूही तीच जाळू लागतो. त्यामुळे प्रथिनांची झीज मंदावते. मेंदूविषयीचा हा शोध जॉर्ज केहिल व त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र केवळ पाण्यावर ३१ दिवस राहिलेल्या एका माणसाचा अभ्यास फ्रॅन्सिस बेनेडिक्ट यांनी बॉस्टन येथे १९१२ मध्येच केला होता.