आल्व्हराडो आर्ट्स वर्कशॉप

प्राथमिक शाळांत पालक-स्वयंसेवक आणि व्यवसायी कलावंतांच्या मदतीने कला शिकवण्याचा अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातील उपक्रम. स्थापना १९६८. शिल्पकार रूथ असावा (१९२६–२०१३) व वास्तुकलेच्या इतिहासकार सॅली वुडब्रिज यांनी तो नोए व्हॅली भागातील आल्व्हराडो प्राथमिक शाळेत सुरू केला. असावा यांची मुले याच शाळेत शिकत होती.

पार्श्वभूमी : असावा कॅलिफोर्नियातील जपानी शेतकरी कुटुंबातल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले, तेव्हा १९४२ मध्ये सँटा अनिटा येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांना राहावे लागले. तिथे बंदिवान असलेल्या डिस्नेच्या चित्रकारांकडून त्या रेखाटन शिकल्या. पुढे मिलवॉकी येथे शिक्षिकेचे शिक्षण घेतले, पण वंशामुळे सरावपाठ नाकारले गेल्याने पदवी हुकली. ती १९९८ मध्ये मिळाली. ब्लॅक माउंटन कॉलेजात योझेफ आल्बर्स हे त्यांचे गुरू. हाती असेल त्या साहित्यातून शिकण्याची तिथली शिस्तच त्यांनी पुढे मुलांच्या वर्गात आणली.

साहित्य व पद्धती : दुधाची पुठ्ठ्याची खोकी, अंड्यांचे ट्रे, लोकरीचे तुकडे वापरले जात. सर्वांत महत्त्वाची ठरली ती मिठाची कणीक : ४ कप मैदा, १ कप मीठ, दीड कप पाणी. ती स्वस्त असते, तोंडात गेली तरी रंगद्रव्यांचा धोका नसतो, बिघडलेला आकार मोडून पुन्हा करता येतो आणि ओव्हनमध्ये भाजली की टणक होते. लहान मुलाला मूर्तिकामाची ओळख करून देण्यासाठी एवढे सोपे माध्यम क्वचितच सापडेल. युनियन स्क्वेअरजवळील असावा यांच्या कारंज्यासाठी (१९७०–७३) शाळकरी मुलांसह दोनशेहून अधिक जणांनी याच कणकेत आकृत्या घडवल्या. नंतर त्यांचे काशात ओतकाम झाले.

बागकाम : हाही शिक्षणाचाच भाग मानला गेला.

विस्तार व अर्थसाहाय्य : ऐन भरात उपक्रम शहरातील सुमारे ५० सरकारी शाळांत पोचला. १९७० च्या दशकात ‘सेटा’ या केंद्रीय रोजगार योजनेतून कलावंतांना वेतन मिळू शकले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी संमत केलेल्या ‘प्रपोझिशन १३’ने मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला. शाळांचा खर्च याच करावर अवलंबून असल्याने तेथील शाळांच्या कलाविषयांना कात्री लागली.

मूल्यमापन : स्वयंसेवकांमुळे शाळेला पगारी कलाशिक्षक न नेमण्याची सबब मिळते, असा आक्षेप अशा उपक्रमांवर घेतला जातो. आल्व्हराडोपुरता तो पूर्णपणे लागू पडत नाही. पालकांचे हात मदतीला असले, तरी मुलांनी प्रत्यक्ष काम करणाऱ्या कलावंताकडूनच शिकावे, यावर असावा ठाम होत्या. उपक्रमाचे खरे महत्त्व या आग्रहात आहे.

उत्तरकाळ : हेच काम पुढे ‘सॅन फ्रान्सिस्को आर्ट्स एज्युकेशन प्रोजेक्ट’ या नावाने चालू राहिले. असावा यांच्या पाठपुराव्यातून १९८२ मध्ये शहरात कलांसाठी सरकारी माध्यमिक शाळा निघाली. २०१० पासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.