बारीक माणसाला शुगर कशी? एका संशोधनाची चाळीस वर्षं

तुळजापूर तालुक्यातल्या गावांत फिल्डवर्कला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "एवढा वाळका माणूस, त्याला कशी काय शुगर?" आपण ते वहीत टिपतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. आज तिथेच थोडं थांबूया. कारण पुण्यातल्या एका डॉक्टरांनी जवळजवळ याच प्रश्नावर आपली सगळी कारकीर्द घालवली.

डॉ. चित्तरंजन याज्ञिक. पुण्यात वैद्यकीय शिक्षण, मग ऑक्सफर्डला मधुमेहाचं संशोधन, आणि ऐंशीच्या दशकात पुन्हा पुण्यात, केईएम रुग्णालयात. तिथे येणारे बरेच रुग्ण पुस्तकातल्या वर्णनात बसत नव्हते. काही तरुण होते, काही किरकोळ अंगाचे, आणि काहींच्या तर स्वादुपिंडात खडे झालेले. स्वादुपिंड दोन कामं करतं हे तुम्हाला माहीत आहेच: अन्न पचवणारे रस तयार करणं आणि इन्शुलिन तयार करणं. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांमध्ये दोन्ही कामं मोजली. १९९० साली आलेल्या त्यांच्या निबंधात 'बिघडलं' किंवा 'शाबूत' असे दोनच कप्पे नाहीत, बिघाडाच्या अनेक पायऱ्या आहेत.

पुढचा प्रश्न साहजिक होता. ही सुरुवात होते कधी? इंग्लंडमधले डेव्हिड बार्कर तेव्हा म्हणत होते की प्रौढपणीच्या आजारांचं मूळ गर्भात असू शकतं. केईएमच्या गटाने चार वर्षांच्या मुलांची तपासणी केली. जन्मतः कमी वजन असलेल्या मुलांमध्ये साखर आणि इन्शुलिन जास्त आढळलं. हे १९९५ साली छापून आलं. पण ते निकालाची वाट बघत बसले नव्हते. १९९३ सालीच पुण्याजवळच्या सहा गावांत स्त्रियांची नोंद सुरू झाली होती, तीही गरोदर राहण्याच्या आधीपासून.

आता पद्धतीकडे नीट बघा. बाळ जन्मलं की नुसतं वजन करून ते थांबले नाहीत. कॅलिपरने पाठीवरच्या कातडीची घडी मोजली, दंडाचा आणि पोटाचा घेर मोजला. मग हीच मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. पुण्याकडचं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे बाळ दिसायला बारीक, पण आतून चरबीचं. नुसता वजनकाटा वापरला असता तर हे कधीच दिसलं नसतं.

२००४ साली याज्ञिकांनी स्वतःचंच उदाहरण दिलं. ते आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के!

गावातली ती मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा सुमारे ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची साखर वाढलेली आढळली. त्यातली बहुतेक अंगाने बारीकच होती. मग नुसतं मोजून भागेना. २०१२ साली याच मुलामुलींना ब-१२ जीवनसत्त्व देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, याची चाचणी सुरू झाली. कारण त्यांच्या आयांमध्ये ब-१२ची कमतरता मोठ्या प्रमाणावर सापडली होती.

दरम्यान जगाचं मत दोनदा बदललं. कुपोषणाशी जोडलेला मधुमेह जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली वेगळा प्रकार मानला आणि १९९९ साली यादीतून काढला. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाईप ५' म्हणून पुन्हा मान्यता दिली. यादीत नाव नसलं तरी रुग्ण असतातच, फक्त त्यांची मोजणी होत नाही.

म्हणून प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा एक काम करा. तुम्ही जे माप वापरणार आहात त्यातून काय *दिसणार नाही*, हे आधी एका कागदावर लिहून काढा. आपल्या भागाचंच घ्या. १९७२च्या दुष्काळात जी बाळं आईच्या पोटात होती, ती आज पन्नाशी ओलांडलेली माणसं आहेत. त्यांच्या साखरेचा त्या वर्षाशी काही संबंध असेल का? हा माझा निष्कर्ष नाही, नुसता प्रश्न आहे. पण "वाळक्या माणसाला शुगर कशी?" हाही एकेकाळी नुसता प्रश्नच होता.