आजीची गोष्ट कानला चालते का?

परवा गावातला एक कॉलेजचा पोरगा घरी आला. मोबाईलवर बारा मिनिटांची शॉर्टफिल्म केलीय त्यानं. विषय आजी आणि विहिरीवरची बंद पडलेली मोटर. म्हणाला, "दादा, असल्या गावठी विषयाला फेस्टिव्हलवाले विचारतात का?"

त्याला तोंडी सांगितलं, तेच इथं नीट लिहितो.

फ्रान्सच्या कान महोत्सवात १९९८ पासून विद्यार्थ्यांच्या फिल्म्सचा वेगळा विभाग आहे. आधी सिनेफोंदासियाँ म्हणायचे, आता 'ला सिनेफ'. २०२४ साली ५५५ फिल्म स्कूलमधून २,२६३ फिल्म्स आल्या, निवडल्या १८. म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही!

आता आपल्या पुण्याच्या एफटीआयआयच्या पोरांनी तिथं काय नेलं ते बघा.

२०१७ साली पायल कपाडियाची 'आफ्टरनून क्लाउड्स'. एक विधवा बाई, तिच्या घरी काम करणारी मुलगी आणि एक दुपार, बास. त्या बाईच्या भूमिकेत आपल्या उषा नाईक. २०१५ च्या १३९ दिवसांच्या संपात पोलिस केस झालेल्या विद्यार्थ्यांत पायलचंही नाव होतं. तीच पायल २०२४ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत ग्राँ प्री घेऊन आली. त्या सिनेमात आपल्या छाया कदम आहेत, आणि गोष्ट मुंबईतून रत्नागिरीकडे जाते.

२०२० साली अश्मिता गुहा नियोगीची 'कॅटडॉग'. भाऊ-बहिणीचं आपलं एक वेगळंच जग. पहिलं बक्षीस.

२०२४ साली म्हैसूरच्या चिदानंद नाईकची कन्नड फिल्म. म्हातारी गावचा कोंबडा चोरते आणि गावात दिवसच उगवत नाही. लोककथा ती, आपल्याकडेही आजी-पणजी असलंच काहीतरी सांगते. टीव्हीच्या एका वर्षाच्या कोर्समध्ये केलेली १६ मिनिटांची फिल्म, तिलाही पहिलं बक्षीस!

म्हणजे विषय गावठी म्हणून दार बंद होत नाही. अडतं ते दुसरीकडेच. ला सिनेफला फिल्म पाठवायची तर फिल्म स्कूलचा किंवा विद्यापीठाचा विद्यार्थी असावं लागतं. आमच्या पोराच्या कॉलेजात असा कोर्सच नाही.

"मग पुण्याला जाऊ का?" तो म्हणाला. जा की. पण जेऊरचे नागराज मंजुळे नगरच्या कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकत होते, तिथला प्रोजेक्ट म्हणून 'पिस्तुल्या' केली. शाळेत जायची इच्छा असलेल्या पोराची गोष्ट. तिला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री', 'सैराट' नंतरचे. जिल्ह्याच्या गावातला एक कोर्स एवढं करू शकतो.

मी डिप्लोमा केला तेव्हा वर्गाला एकच कॅमेरा होता, आणि तोही कपाटात कुलूपबंद. पंचवीस वर्षांत किती कपाटं उघडली, हे आपापल्या तालुक्यात जाऊन बघा. गॅदरिंगच्या मांडवावर लाखभर उडवणाऱ्या संस्थाचालकांना एक कॅमेरा, एक एडिटिंगचा संगणक आणि शिकवणारा एक माणूस जड आहे का?

पोराची फिल्म मी पाहिली. आवाज खराब आहे, पण आजी एकदम खरी आहे.

तुमच्या गावात असं कुणी करत असेल तर कमेंटमध्ये कळवा. एखाद्या रविवारी पडदा लावून सगळ्यांच्या फिल्म्स एकत्र बघू. सुरुवात तिथून करू.