दयेचा अर्ज

दिवाळीच्या फराळाशेजारी फाशीची हकीकत मांडावी की नाही, असा मला आधी संकोच वाटला. पण ही हकीकत आपल्याच मुलखातली, आणि तिच्यातला अवघड प्रश्न मला विचारला तो एका अकरा वर्षांच्या मुलीने. शाळेत क्रांतिदिनाचा कार्यक्रम होता. चिमूरची गोष्ट मी संपवली, तशी ती उभी राहिली. ‘‘गुरुजी, गावातल्या लोकांना फाशी सुनावली. मग त्या सोजिरांना काय झालं?’’ तेवढ्यात घंटा झाली म्हणून मी सुटलो.

चिमूर तेव्हा चांदा जिल्ह्यात होते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळी चालविली, आणि बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा पोरगा धारातीर्थी पडला. मग जमावाचे भान सुटले. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनावणे आणि आणखी दोघे सरकारी नोकर त्या संतापात मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टीलाही पोलीस मारले गेले. ही मेलेली माणसेही बायकामुलांचीच होती. ते मी वर्गात लपवीत नाही.

तीन दिवसांनी चिमुरात लष्कर शिरले. पुरुष धरून नेले होते किंवा रानात पळाले होते. घरात उरल्या बायका. त्यांच्यावर काय गुदरले ते मुलांपुढे नीट सांगता येत नाही, आणि इथेही सांगण्याचे कारण नाही. नागपूरच्या काही स्त्रिया मुद्दाम तिथे गेल्या, त्या बायकांच्या जबान्या ऐकून आल्या. सरकारचे उत्तर असे की, चौकशीची गरज नाही.

सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी तेव्हा दिल्लीला गेले. आपले बापूजी अणे व्हाइसरॉयच्या मंडळात होते. चौकशी करवा, एवढीच भन्साळींची मागणी. तिला यश येईना, तेव्हा त्यांनी अन्न सोडले. ११ नोव्हेंबर १९४२ पासून त्रेसष्ट दिवस! वर्तमानपत्रांना ती बातमी छापायची मनाई झाली; त्याच्या निषेधार्थ वर्तमानपत्रांनी एक दिवस अंकच काढला नाही. १२ जानेवारीला उपोषण सुटले. न्यायालयीन चौकशी मात्र झालीच नाही.

त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी, १९ जानेवारी १९४३ ला, नागपूरच्या तुरुंगात शंकर महाले फासावर गेला. हिंदुस्थान लाल सेनेतला नवाबपुऱ्याचा कोवळा तरुण. पोलीस शिपायाच्या खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली होती. ऑगस्टातली चळवळ आणि जानेवारीतला फास! पाच महिने! शाळेची साधी इमारत मंजूर व्हायला याहून जास्त काळ लागतो, हे मला मास्तर म्हणून ठाऊक आहे. म्हणजे कायद्याला घाई करता येत नव्हती असे नव्हे.

चिमूर-आष्टीच्या कैद्यांचे तसे झाले नाही, याचे श्रेय मी प्रथम अनसूयाबाई काळे यांना देतो. १९३७ च्या मध्यप्रांत विधानसभेत त्या उपाध्यक्षा होत्या. पुढे १९५२ साली नागपुरातून लोकसभेवर निवडून गेल्या. फाशी झालेल्यांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे धावपळ केली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊनही फास ढळेना. गांधीजींनीही जाहीरपणे शब्द टाकला. अखेर ऑगस्ट १९४५ मध्ये व्हाइसरॉय वेव्हेलने उरलेल्यांच्या फाशीची जन्मठेप केली. तोवर ती माणसे दर सकाळी आपले नाव पुकारले जाते की काय, हे ऐकत जगली होती.

मी मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही. कायद्याचे ग्रंथ माझ्या आवाक्यातले नाहीत. परंतु एवढे दिसते की, दया ही अर्ज घेऊन उंबरठे झिजविणारे कोणी मिळाले तर मिळाली. शंकरला तेवढी मुदतच मिळाली नाही. आणि चिमूरच्या बायकांना तर दया नकोच होती, फक्त कोणीतरी खटला उभा करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि त्या मुलीला सांगितले, ‘‘काही नाही झालं.’’ तिने वही उघडली, प्रश्नाखाली तेवढेच लिहिले, आणि पुढे लिहायला काही सांगतो का म्हणून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.