परकी भाषा कोणाची?



आपले बेंबळी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. परक्या इंग्रजीतून शिकताना विद्यार्थ्याची शक्ती विषयाऐवजी भाषेवरच खर्च होते, हा त्यामागचा विचार. म्हणून माध्यम उर्दू ठरले. मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली भाषांतर विभागाने विज्ञान, इतिहासाचे ग्रंथ उर्दूत आणले; वैद्यकही उर्दूतून शिकविले गेले. इंग्रजी मात्र सक्तीचा विषय राहिली.

हा प्रयोग अभिमानास्पद खरा. पण संस्थानातील बहुसंख्यांची घरची भाषा तेलुगू, मराठी वा कन्नड होती. त्यांना उर्दूही परकीच! एकाच बाकावर एकाला सुलभ ते दुसऱ्याला अवघड. १९४८ नंतर तेथे इंग्रजी माध्यम आले आणि तेच ओझे उर्दू भाषिकांवरही पडले.

आज आपली मुले घरी उर्दू, बाजारात मराठी बोलतात आणि कॉलेजात विज्ञान इंग्रजीतून वाचतात. इंग्रजी झटून शिकावी. पण न कळलेले आपल्या भाषेत विचारण्यास लाजू नये. शिक्षकांनीही त्या प्रश्नाला अडाणीपणा समजू नये. शेजारच्या बाकावरील मुलाची भाषा कोणती, याचीही आठवण ठेवावी.